शेवटचं पान आधी

सानगडीत शकुंतलाबाई रस्त्यात भेटल्या की त्यांची तब्येत कुणी विचारत नसे. "बाई जी, सध्या कोनाचा मुडदा पडला?" हाच पहिला प्रश्न. छत्तीस वर्षं गावच्या प्राथमिक शाळेत पाढे शिकवलेल्या बाई पदर सावरत आणि शाळा तपासायला साहेब आल्यासारख्या गंभीर चेहऱ्यानं सांगत, "सध्या एक वकील गेला. कपाटात सापडला. सगळे मेहुण्याला धरताहेत, पण माझा त्याच्यावर संशय नाही." विचारणारा हसत पुढे जाई, आणि बाजाराच्या दिवसापर्यंत वकिलाची बातमी गावभर झालेली असे.

संशय नाही म्हणणं ही शुद्ध थाप होती. मेहुणा निर्दोष आहे हे बाईंना पहिल्याच दिवशी ठाऊक असे, कारण त्या शेवटचं पान आधी वाचत.

पुस्तकं साकोलीहून येत. तिथल्या एका दुकानात रहस्यकथा भाड्यानं मिळायच्या आणि सकाळच्या एसटीचा कंडक्टर इश्वर आठवड्याला एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. गुंडाळायचं कारण असं, की सत्तरच्या सुमाराला मास्तरणीनं खून-दरोडे वाचणं बरं दिसत नसे. पुढे साऱ्या गावाला कळलं, त्र्याऐंशी साली बाई निवृत्तही झाल्या, तरी वर्तमानपत्र काही सुटलं नाही. आता त्याचा उपयोग एवढाच उरला होता, की इश्वरनं वाटेत पुस्तक वाचून काढलंय हे बाईंना कळू नये. बाईंना ते केव्हाच कळलं होतं. दुकानदाराची घडी सरळ असायची, इश्वरची तिरपी.

पुस्तक हाती आलं की बाई घर गाठत, उंबऱ्यावर चप्पल काढायच्या आधी शेवटचं पान उघडत आणि उभ्या उभ्या वाचून टाकत. कोण मेलं, कोण वाचलं, कुणाला बेड्या पडल्या, एवढं समजलं की त्यांचा जीव खाली बसे. मग चहा, मग आरामखुर्ची, मग पान पहिलं.

शेजारची मंगलाबाई हे पाहून कपाळावर हात मारायची. "मंग वाचता कायले, बाई? सारं तं समजलं."

"कोण मेलं ते समजलं. कसं मेलं ते कुठं समजलं?"

स्वभावच घोर लावून घ्यायचा. एसटीला दहा मिनिटं उशीर झाला की बाईंच्या मनात ती तलावात गेलेली असे. दूधवाला आला नाही की त्याची म्हैस मेलेली असे. यामागं एक जुनी गोष्ट होती आणि ती त्या कुणाला सांगत नसत. लग्नाला तिसरं वर्ष होतं. नवरा तांदळाच्या गिरणीच्या कामाला गोंदियाला गेला, दोन दिवसांत येतो म्हणाला आणि सहा दिवस आला नाही. सातव्या दिवशी तार आली. बाईंनी ती फोडली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत मांडीवर घेऊन बसून राहिल्या, आणि तेवढ्या चार तासांत त्यांनी नवऱ्याला पन्नास वेळा मारलं आणि पन्नास वेळा जिवंत केलं. तारेत नवरा गेल्याची बातमी होती, ती होतीच. पण ते चार तास पुढच्या पस्तीस वर्षांत पुसले गेले नाहीत. तेव्हापासून काय असेल ते आधी कळलेलं बरं, असं त्यांचं होऊन बसलं.

पंच्याऐंशी साली बाईंनी टीव्ही घेतला. मंगलाबाईचा नवरा तुलाराम बांबूला अँटेना बांधून कौलांवर चढला आणि "आलं का? आलं का?" असा दोन तास ओरडत राहिला. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागे. जुने काळे-पांढरे गुप्तहेरांचे सिनेमे लागले की बाईंचा रविवार सोन्याचा. धुकं, बंगला, करकरणारा जिना, टोपीवाला माणूस आणि ज्याच्यावर कुणीच संशय घेत नाही असा म्हातारा नोकर. पण सिनेमाला शेवटचं पान नसतं. पहिल्याच खेपेला बाईंची अशी पंचाईत झाली, की मधल्या बातम्या लागल्या तेव्हा त्या उठून अंगणात फेऱ्या घालायला लागल्या. छाती धडधडते म्हणाल्या. मंगलाबाईनं लिंबूपाणी करून दिलं.

उपाय तुलारामनं काढला. तरुणपणी त्यानं टुरिंग टॉकीजच्या तंबूवर दोन हंगाम तिकिटं फाडली होती, त्यामुळे जुने सिनेमे त्याला तोंडपाठ. रविवारी सकाळी बाई कुंपणापाशी जाऊन उभ्या राहत.

"आजचा पाहिलास का रे?"

"हाव जी."

"शेवटी कोण?"

"डाक्टर."

एवढ्यावर त्यांची संध्याकाळ सुखाची होई. पण तुलाराम अधूनमधून मुद्दाम भलत्याच माणसाचं नाव सांगे. एकदा असा डॉक्टर निर्दोष निघाला तेव्हा बाई पंधरा दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. "बाकी कशातही थट्टा कर. शेवटाच्या बाबतीत खोटं बोलू नये," असं त्यांनी शाळेतल्या आवाजात सुनावलं, आणि चाळीस वर्षांचा तुलाराम खाली मान घालून उभा राहिला.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये पडदा काळा पडायला लागला.

तुलारामनं त्या वर्षी घरामागच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, उन्हाळी धान घातलं होतं. विहिरीवर मोटर. मोटर सुरू झाली की बाईंच्या घरातला बल्ब लालसर होई, टीव्हीतलं चित्र आकसे. हे खरंच होतं, साऱ्या आळीची ती तक्रार होती. त्यामुळे चित्राच्या कडा अंधारल्या, माणसं अर्धीमुर्धी दिसायला लागली, तेव्हा बाईंनी दुसरा विचारच केला नाही. कुंपणापाशी जाऊन म्हणाल्या, "तुलाराम, तुझ्या मोटरीनं माझा पडदा खाल्ला."

साकोलीहून स्टॅबिलायझर आणवला. त्याचा काटा दोनशेवीसवर ताठ उभा राही आणि चित्र तरी अंधारलेलंच. बाई म्हणाल्या, काटा खोटा आहे. मग बल्बभोवती रंगीत कडी दिसू लागली. व्होल्टेज. पुस्तकातली एक ओळ संपवून दुसरीवर यायचं तर तिची सुरुवात सापडेना, बोट ठेवून शोधावी लागे. हल्ली छपाईच वाईट. दाराशी ठेवलेल्या बादलीला पाय लागून बाई आदळल्या. बादली मंगलीनं भलत्या जागी ठेवली. आयुष्यात पाच-सातशे खुनी पकडलेली ही बाई, पण स्वतःच्या घरात पुरावे असे रांगेनं उभे असताना एकालाही ओळख देईना.

एका दुपारी मात्र त्यांनी डावा डोळा तळव्यानं झाकला आणि नुसत्या उजव्या डोळ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. रविवार, सोमवार आणि मंगळवार नव्हते. महिना बुधवारपासून सुरू होत होता.

त्यांनी झटकन हात खाली घेतला आणि चहा ठेवला. व्होल्टेज, असं स्वतःला बजावलं. भर दुपारी, उजेडात, कागदाच्या कॅलेंडरला व्होल्टेज कुठून लागणार, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. साखर घातली ती अर्धी ओट्यावर सांडली.

इकडे तुलाराम वैतागला. "बाई जी, धान निसवून राहिला, लोंब्या निघून राहिल्या. आता पानी तोडलं तं सारा पोचट होते. लाईन आमाले पाच घंटे भेटते, ते बी यंदा संध्याकायचीच. मी काय करू, सांगा." बाई मान हलवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोटरीचं काढत. खरं सांगायचं तर त्यांना ती मोटर हवी होती. ती घरघरत होती तोवर दुसरं काही शोधायची गरज नव्हती.

एप्रिलातल्या एका रविवारी दुपारपासूनच खोलीत पोत्यांवर आळीतली माणसं येऊन बसली. सिनेमा जुना, बंगल्यातला, आणि तुलारामनं सकाळीच सांगून ठेवलेलं, "शेवटी मुनीम जी. खरं सांगून राहिलो." बाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसल्या होत्या. हल्ली त्या तशाच बसत.

सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि एकदम कसं तरी शांत वाटलं. बाईंना आधी कळेचना काय बदललं ते. मागची घरघर थांबली होती. तुलाराम ओले पाय पुसत आत आला आणि दाराशी बसला.

"बंद केली, बाई. आज पाहून घ्या मनसोक्त."

"अरे, पण धान?"

"एक दिवसानं काय मरते? छत्तीस वर्सं तुमी आमचे पोट्टे सांभाळले. तीन घंटे मोटर बंद ठेवली तं काय होते?"

बल्ब पांढराशुभ्र झाला. पोत्यावरच्या बायका "आहा!" म्हणाल्या. बाईंनी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि उघडले.

पडद्याच्या कडा तशाच काळ्या होत्या.

सिनेमात वादळ सुटलं होतं. नायिका मेणबत्ती घेऊन दिवाणखान्यात आली. आणि अचानक खोलीतली सगळी माणसं एकदम ओरडली, "तो पाय, मानूस! पडद्याच्या मांगं! तिकडं, तिकडं!" मंगलाबाईनं तर बाईंचा दंडच धरला. बाई पाहत होत्या. डोळे फाडून पाहत होत्या. मेणबत्ती दिसत होती, नायिकेचा हात दिसत होता, आणि जिकडे सगळे बोट दाखवत होते तिकडे नुसता अंधार होता. पडदाही नव्हता, माणूसही नव्हता.

"दिसते ना जी आता?" तुलारामनं दारातून विचारलं. आवाजात किती कौतुक होतं. शेतातलं पाणी तोडून आला होता बिचारा.

"दिसतं ना," बाई म्हणाल्या. "अगदी स्वच्छ."

मोटर बंद, काटा दोनशेवीसवर, आळीतल्या शेवटच्या म्हातारीलाही पडद्यामागचा माणूस दिसलेला. एकेक संशयित सुटत गेला आणि उरला तो त्यांच्याच खुर्चीत बसला होता. मुनीमजींना बेड्या पडल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही वाजवल्या. सगळे गेल्यावर त्या बराच वेळ बंद टीव्हीपुढे बसून राहिल्या. इतकी भीती त्यांना त्या तारेनंतर कधी वाटली नव्हती.

सकाळी मंगलाबाई ताकाचा गडवा घेऊन आली. गडवा ओट्यावर ठेवला, पण निघाली नाही. पदराला हात पुसत उभी राहिली.

"बाई, कालच्या सिनेमात तो पडद्यामांगचा मानूस उभा होता ना, त्याच्या हातात काय होतं जी?"

बाई सावध झाल्या. पण सतरा-अठरा वर्षांचा अनुभव होता, असला माणूस हातात काय धरतो हे का ठाऊक नाही? "सुरा," त्या ठामपणे म्हणाल्या.

"मांजर होती," मंगलाबाई म्हणाली. "कुशीत मांजर घेऊन उभा होता. मले हासू आलं, म्हून मी तुमच्या तोंडाकडं पायलं. तुमी हासल्याच नाही."

बाई गडवा उचलून आत ठेवायला वळल्या.

"बादली बी मी नेहमीच्याच जाग्यावर ठेवली होती, बाई."

असं सांगून मंगलाबाई खाली बसली आणि रडायलाच लागली. समजूत घालायची पाळी बाईंवर आली. मोतीबिंदू असेल, या वयात होतोच, पिकला की काढतात, पिकू दे, दिवाळीनंतर पाहू, असं त्या भराभर बोलत गेल्या. दिवाळीपर्यंत कुणी काही सांगणार नाही, हा विचार त्यांना एकदम फार सुखाचा वाटला. दुसऱ्यांच्या पुस्तकांची शेवटची पानं फडाफड उलटणारी बाई स्वतःचं पान आलं तेव्हा हात मागे घेऊन बसली. मंगलाबाईनं ते चालू दिलं नाही. बुधवारी तुलारामला धरून इश्वरच्या गाडीत तिघं चढले आणि साकोलीला उतरून नागपूरची गाडी धरली.

नागपूरचा डॉक्टर तरुण होता. त्यानं डोळ्यांत थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ पाहून म्हणाला, "मोतीबिंदू नाही, आजी. काचबिंदू आहे."

"मंग पिकला का काढान ना?" मंगलाबाईनं विचारलं.

"हा पिकत नाही. हा न दुखता, गुपचूप, कडेकडेनं नजर नेतो. गेली ती परत येत नाही. आहे ती राखायची. दिवसातून तीन वेळा औषध, आणि दर महिन्याला मला दाखवायचं."

बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. "डॉक्टर, शेवट काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटी राहील की जाईल?"

डॉक्टरनं लिहायचं पेन खाली ठेवलं. खोटं बोलणारा नसावा. "ते आज नाही सांगता येणार," तो म्हणाला. "थेंब चुकवू नका."

परतीच्या गाडीत बाई पिशवीतली थेंबांची बाटली पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या. तुलाराम आपणहोऊन तीन सिनेमांचे शेवट सांगत बसला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दिवस मग थेंबांवर चालू लागले. सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे. तिन्ही वेळा मंगलाबाई येऊन घालायची. धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत तर चिखलाचे पाय घेऊन बांधीतून धावत यायची, पायरीवरच पाय धुवायची, दोन थेंब टाकून पुन्हा पळायची. तिला यायला पाच मिनिटं उशीर झाला की बाई घड्याळाकडे पाहत उभ्या. पाच मिनिटांत किती नजर जात असेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात फिरत राही. सकाळी उठल्या उठल्या त्या डावा डोळा झाकून कॅलेंडर पाहायच्या. बुधवार आहे. बुधवार अजून आहे. मग तोंड धुवायच्या.

पुस्तकं त्यांनी बंद केली. डावा डोळा वाचू शकत होता, पण अर्ध्या पानात ओळी हरवत, आणि ओळ हरवली की छातीत धस्स होई. सुखासाठी वाचायचं, आणि प्रत्येक पान परीक्षेसारखं वाटायचं, त्यात काय अर्थ? स्टँडवर इश्वरनं विचारलं, "बाई जी, सध्या कोन मेलं?" तेव्हा त्या म्हणाल्या, "कोणी नाही रे. सगळे जिवंत आहेत." इश्वरला हसू आलं नाही.

भाद्रपदात एका दुपारी मंगलाबाई वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आली. इश्वरकडून तिनं ते स्वतः मागून घेतलं होतं.

"मी वाचून दाखवते."

"तुला कुठं येतं?"

"तुमीच तं शिकवलं."

हे अर्धसत्य होतं. एकोणऐंशी साली प्रौढ शिक्षणाचा वर्ग बाईंनी आपल्या ओसरीत चालवला. मंगलाबाई आली, अक्षरं शिकली, काना-मात्रा शिकली, आणि पुढचं सुरू होणार तेवढ्यात रोवणा लागला. तेव्हा जी गेली ती गेली. त्यानंतर आठ वर्षांत तिनं एसटीच्या पाट्या आणि साबणाची वेष्टणं सोडून काही वाचलं असेल तर शपथ.

आदल्याच दिवशी बाई नागपूरहून आल्या होत्या. या खेपेला डॉक्टरनं नजर मोजलेल्या कागदावरची काळी खूण दाखवून सांगितलं होतं, की उजव्या डोळ्याचं थोडं आणखी गेलं. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. नाही म्हणायचं त्राणही उरलं नव्हतं. "शेवटचं पान आधी," एवढंच त्या म्हणाल्या.

मंगलाबाईनं शेवटचं पान उघडलं. गोष्ट एका नऊ वर्षांच्या मुलीची होती, मुंबईच्या बंगल्यातून पळवून नेलेल्या. मुलगी आजारी, तिचं औषध घरीच राहिलेलं, आणि गुप्तहेर तिला शोधतो आहे. मंगलाबाईचे ओठ हलत होते. बोट अक्षराअक्षरावरून सरकत होतं. बाई खुर्चीच्या दांड्या धरून बसल्या होत्या. एवढा वेळ का लागतो आहे? तसा तिला लागणारच, पण तरी.

मंगलाबाईनं पुस्तक मिटलं. "पोरगी वाचते, बाई."

"नक्की?"

"हाव. वाचते."

बाईंचे खांदे खाली आले. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं. "मग वाच आता पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

तीन आठवडे ते वाचन चाललं. वाचन कसलं, बैलगाडीचा प्रवास. "गु... गुप्... गुप्तहे... राने... दार... ढक... ढकलले." एकेका शब्दाला थांबा. बाई मधून मधून ओरडत, "जोडाक्षर तोड आणि मग जोड! किती वेळा सांगितलं!" मंगलाबाई म्हणे, "तोडूनच राहिली ना मी, बाई." गुप्तहेराला जिना चढायला दोन दुपार लागल्या. पण बाईंना ते आवडायला लागलं. दुपारचे थेंब झाले की दोन वाजता मंगलाबाईचं बोट कुठं होतं ते शोधायचं, आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीपाशी जायचं. मुलीचा ताप वाढला की बाईंचा हात मंगलाबाईच्या मनगटावर जाई. मग स्वतःलाच सांगत, वाचते, पोरगी वाचते. आणि मुलीबद्दल घोर करण्यात त्यांचा बुधवारचा घोर जरा मागे पडे.

शेवटचा दिवस आला. गुप्तहेरानं गोदामाचं कुलूप तोडलं. मुलगी पोत्यांवर पडली होती. औषधाची बाटली त्याच्या हातात होती. मंगलाबाईनं पान उलटलं आणि ती थांबली. घसा खाकरला. आणि वाचायला लागली.

"त्यानं पोरीले उचललं. दवा पाजली. पोरीनं डोळे उघडले. तिची माय धावत आली, बाप धावत आला. सारे रडून राहिले होते. मंग पोरगी म्हने, मले भूक लागली. तं मायनं तिले चिन्नोरचा भात वाढला अन् लाखोरीचं वरन वाढलं, वर तूप टाकलं, अन् पोरगी पोटभर जेवली अन् मायच्या मांडीवर झोपली. संपलं, बाई."

कुठं अडखळणं नाही, कुठं थांबणं नाही. नदीसारखं सरळ वाहत आलं. बाईंनी मान थोडी वळवून डाव्या डोळ्यानं पाहिलं. मंगलाबाईचं बोट पानाच्या वरच्या कोपऱ्यातच होतं, हललंच नव्हतं.

"लाखोरीचं वरण?" बाईंनी हळूच विचारलं. "आपल्या बांधीतली डाळ मुंबईच्या बंगल्यात?"

"हाव. असंच लिवलं आहे." मंगलाबाई पुस्तकाकडेच पाहत होती. तिचे कान लाल झाले होते. "काहून, बंगल्यातल्या मानसायनं लाखोरी खाऊ नाही का?"

बाईंना सगळं कळलं. त्या नागपूरहून आल्याच्या दुसऱ्या दुपारी ही बाई अक्षर अक्षर लावून शेवटचं पान वाचत होती, तेव्हा तिला काय दिसलं आणि तिनं काय सांगितलं, ते सगळं. शेवटाच्या बाबतीत खोटं बोलू नये, असं त्यांनीच तर हिच्या नवऱ्याला सुनावलं होतं.

"खाऊ दे," त्या म्हणाल्या. "किती दिवसांची उपाशी होती पोरगी."

मंगलाबाई पदरानं नाक पुसत संध्याकाळच्या थेंबांची बाटली आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक परत द्यायचं होतं. बाई ते घेऊन पायरीवर बसल्या. ऊन चांगलं पडलं होतं. डाव्या डोळ्यानं, बोट ठेवून, एक पान वाचायला त्यांना दहा मिनिटं लागली असती. अंगठा शेवटच्या पानाखाली गेलाही. छाती धडधडत होतीच, ती काही थांबणारी नव्हती. मग त्यांनी अंगठा काढून घेतला, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्टँडवर गेल्या.

इश्वर खिडकीतून वाकला. पुस्तक घेताना त्याचा चेहरा जरा कसानुसा झाला. "बाई जी, झालं का वाचून? पोरीचं... शेवट समजला का?"

"समजला की," शकुंतलाबाई म्हणाल्या. "वाचली पोरगी. पोटभर जेवली."

इश्वरनं काही तरी बोलायला तोंड उघडलं. मग बाईंच्या मागे उभ्या असलेल्या मंगलाबाईकडे त्याचं लक्ष गेलं. तो पुस्तक बॅगेत टाकत म्हणाला, "दुसरं आणतो, बाई," आणि त्यानं घंटी वाजवली.